अडीचशे जहाजं, एक फरशी आणि एक शनिवार-रविवार

चार मराठी माणसं जमली आणि चहाचा दुसरा कप आला की पानिपत निघतंच. कोणीतरी ठामपणे सांगतो की यात्रेकरू आणि बुणगे बरोबर घ्यायलाच नको होते. दुसरा म्हणतो, अब्दाली बागपतला यमुना उतरत होता तेव्हाच त्याला गाठायला हवं होतं. तिसरा होळकरांवर घसरतो. अडीचशेहून जास्त वर्षं उलटली, पण आपलं भाऊसाहेबांना सल्ले देणं काही संपत नाही. सल्ले वाईट असतात असंही नाही. फक्त ते देताना आपल्यासमोर अख्खा नकाशा असतो, दोन्ही बाजूंच्या फौजा रंगीत बाणांनी दाखवलेल्या असतात आणि शेवट काय झाला तेही ठाऊक असतं. १४ जानेवारी १७६१ ला भाऊसाहेबांसमोर नकाशा नव्हता, धूळ होती.

इंग्रजांकडे असाच एक विषय आहे. त्याचं नाव जटलंड. ३१ मे १९१६ च्या दुपारी डेन्मार्कच्या पश्चिमेला उत्तर समुद्रात ब्रिटिशांची १५१ आणि जर्मनांची ९९ जहाजं समोरासमोर आली. दहा वर्षांपूर्वी, १९०६ मध्ये, 'ड्रेडनॉट' नावाची युद्धनौका पाण्यात उतरली होती. दहा बारा-इंची तोफा, वाफेची टर्बाइन्स आणि २१ नॉटचा वेग. तिच्यामुळे जगातल्या बाकी सगळ्या युद्धनौका एका दिवसात जुन्या झाल्या आणि नव्या पिढीच्या जहाजांना तिचंच नाव पडलं. या पिढीची एवढी मोठी लढाई आधी झाली नव्हती, नंतरही झाली नाही. ब्रिटिशांची १४ जहाजं आणि ६,०९४ माणसं गेली, जर्मनांची ११ जहाजं आणि २,५५१ माणसं. संध्याकाळी सात वाजून वीस मिनिटांच्या सुमारास जर्मन टॉर्पेडोबोटींनी पाणतीर सोडले, तेव्हा ब्रिटिश सेनापती ॲडमिरल जेलिको याने आपली रांग शत्रूपासून दूर वळवली. पाणतीर चुकले. पण तेवढ्या वेळात जर्मन आरमारही धुक्यात आणि धुरात निसटलं. त्या एका वळणावर गेली शंभर वर्षं भांडण चाललंय. जेलिको शहाणा की भित्रा?

हे सगळं सांगायचं कारण, मागच्या दिवाळीत आम्ही चार शाळासोबत्यांनी जटलंड खेळायचं ठरवलं. कॉम्प्युटरवर नाही, जमिनीवर. पुठ्ठ्याची जहाजं, फासे, मोजपट्टी. आम्ही सगळे वाशीम जिल्ह्यातले, म्हणजे आमच्यासाठी मोठं पाणी म्हणजे एकबुर्जीचं धरण! तिघं आता पुण्यात आयटीत, एक गावीच राहिलेला. त्याच्या घरचा हॉल मोठा आणि खाली शहाबादी फरशी, त्यामुळे रणभूमी (की रणसमुद्र?) तिथेच ठरली. जहाजं जुन्या लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्यातून कापली. राहता राहिले नियम. आणि इथे खरी मजा सुरू झाली.

मोठ्या आरमारी लढायांचे नियम बाजारात कमी नाहीत. पण वाचत गेलो तसं लक्षात आलं की हा नुसता 'कुठला खेळ जास्त मजेदार' असा प्रश्न नाही. प्रत्येक नियमावली म्हणजे लढाई कशामुळे जिंकली-हरली जाते याबद्दलचं कोणाचं तरी मत आहे, फक्त निबंधाऐवजी तक्त्यांमध्ये लिहिलेलं. तुम्ही नियम निवडलेत की जेलिकोचा निकालही अर्धाअधिक लावलात.

सुरुवात करूया फ्रेड टी. जेनपासून. 'जेन्स फायटिंग शिप्स' हे जाडजूड वार्षिक आजही निघतं. ते पहिल्यांदा निघालं १८९८ साली, आणि त्याचं नातं याच माणसाच्या आरमारी खेळाशी होतं. खेळायचं तर कुठल्या जहाजाला किती चिलखत, किती तोफा हे माहीत हवं, म्हणून माहितीची जंत्री. पोरं क्रिकेटच्या पत्त्यांवरून सरासरी पाठ करतात ना, तसंच काहीसं. जेनच्या खेळात गोळा लागला की नाही ते फाशावर ठरत नसे. समोर जहाजाचं चित्र असलेला कागद, त्यावर चौकोन आखलेले, आणि खेळाडूच्या हातात माशी मारायच्या फळीसारखी एक फळी, तिला एक टाचणी. फळी मारायची आणि टाचणी कुठे टोचली ते बघायचं. ती टाचणी मुद्दामच मधोमध नसे, म्हणजे नेम धरला तरी खात्री नाही. अंतर वाढलं की चित्र लहान. किती साधी, किती सुंदर कल्पना! हात थरथरतो, नेम चुकतो, सगळं आपोआप येतं. पण अडीचशे जहाजांसाठी? हात भरून येईल हो. आणि टाचणीने एका जहाजाचा तोफखाना कळतो, आरमार कळत नाही. जेन मार्च १९१६ मध्ये वारला. जटलंड तीन महिन्यांच्या आत झालं, त्याला ते बघायला मिळालं नाही.

दुसरा मोठा माणूस फ्लेचर प्रॅट. न्यूयॉर्कचा लेखक, नौदलाचा इतिहासही लिहायचा आणि अद्भुत कथाही. याचे नियम १९४० साली पुस्तकरूपाने आले, पण त्याआधी काही वर्षं त्याच्या घरी जमिनीवर लाकडाच्या छोट्या जहाजांचा खेळ रंगायचा. मंडळी वाढली तसा हॉल घ्यावा लागला. प्रॅटने प्रत्येक जहाजाला एका सूत्राने गुण दिले. तोफांचा व्यास, त्यांची संख्या, चिलखताची जाडी, वेग, वजन, सगळं सूत्रात घालायचं आणि एक आकडा काढायचा. गोळे लागले की त्यातून गुण वजा, आणि गुण कमी झाले की वेग आणि तोफाही कमी. नेमाचं काय? तर खेळाडूने जमिनीवर ओणवं होऊन नुसत्या नजरेने अंतराचा अंदाज करायचा, तो इंचात लिहून द्यायचा, मग पंचांनी टेप लावून मोजायचं. अंदाज बरोबर तर गोळा लागला. म्हणजे खेळाडू झाला तोफखान्याचा अधिकारी.

आता जरा थांबून मोठ्या लढाईचा हिशोब करू (इंजिनिअर आहे, सवय जात नाही). जटलंडमध्ये ब्रिटिशांच्या २८ ड्रेडनॉट आणि ९ बॅटलक्रूझर होत्या. जर्मनांच्या १६ ड्रेडनॉट, ५ बॅटलक्रूझर आणि ६ जुन्या युद्धनौका. म्हणजे मोठ्या तोफांची ६४ जहाजं. 'फिअर गॉड अँड ड्रेड नॉट' नावाची एक नियमावली आहे, लॅरी बाँड आणि मंडळींच्या परंपरेतली, २००१ ची. नाव आलंय ॲडमिरल फिशरच्या बोधवाक्यावरून, ज्याने ड्रेडनॉट बांधवून घेतली त्याच्याच. अतिशय अभ्यासपूर्ण काम. पण तिची एक चाल म्हणजे लढाईतली तीन मिनिटं. दोन्ही मुख्य आरमारं भिडायला आली संध्याकाळी सव्वासहाला आणि साडेआठच्या सुमारास अंधाराने खेळ थांबवला. म्हणजे १३५ मिनिटं, म्हणजे ४५ चाली. समजा एका वेळी निम्मीच जहाजं, म्हणजे ३२, गोळे टाकतायत. प्रत्येकाचं अंतर मोजा, तक्ता बघा, फासे टाका, गोळा कुठे लागला ते बघा, चिलखत भेदलं का बघा. नवशिक्यांना जहाजामागे चार मिनिटं धरली तरी एका चालीला दोन तासांच्या वर. ४५ चालींना ९६ तास. आणि यात विनाशिका, पाणतीर, वळणं काहीच धरलेलं नाही! दिवाळीची सुट्टी काय, अख्खं चातुर्मास्य लागेल.

यात नियमांचा काही दोष नाही. दोन-चार जहाजांच्या चकमकीला ते सोन्यासारखे आहेत. आपल्या भाषेत सांगायचं तर एखादी वेबसाइट लाखभर लोकांचा लोड घेईल का हे बघायला कोणी प्रोसेसरमधला प्रत्येक ट्रान्झिस्टर सिम्युलेट करत नाही. प्रश्न कुठल्या पातळीचा आहे, त्यावर मॉडेल किती बारीक हवं ते ठरतं.

म्हणून मग दुसऱ्या टोकाचे नियम. लॉनी गिल यांचं 'जनरल क्वार्टर्स' हे १९७० च्या दशकात आलं आणि अजून खेळलं जातं. यात एक चाल सहा मिनिटांची. तोफांची ताकद एका आकड्यात, जहाजाचा जीव काही चौकोनांत. फासा टाका, चौकोन खोडा, पुढे चला. १३५ मिनिटांच्या २३ चाली झाल्या. एका चालीला अर्धा तास धरला तर साडेअकरा तास. शनिवार-रविवारात बसतंय! त्याच्याही आधी, १९६७ मध्ये, जिम डनिगनने 'जटलंड' नावाचाच खेळ केला, ॲव्हलॉन हिल कंपनीसाठी. त्याची ही पहिली निर्मिती. त्यात दोन भाग: आधी कागदी नकाशांच्या पॅडवर दोन्ही बाजूंनी गुपचूप आपापली आरमारं हलवायची आणि एकमेकांना शोधायचं, आणि गाठ पडली की पुठ्ठ्याच्या सोंगट्या घेऊन जमिनीवर यायचं. शोधणं हासुद्धा लढाईचाच भाग आहे, हे त्याने ओळखलं. हा मुद्दा आठवणीत ठेवा.

जागेचाही हिशोब लागतो. आम्ही १ सेंटिमीटर म्हणजे १०० यार्ड धरलं. जेलिकोच्या २४ ड्रेडनॉट एका रांगेत आल्या की दोन जहाजांमध्ये साधारण ५०० यार्ड, म्हणजे रांग झाली ११५ सेंटिमीटरची. १२,००० यार्डांवरून मारा म्हणजे १२० सेंटिमीटर. छान बसतंय. पण लोक सहसा जी १:३००० ची मॉडेल्स वापरतात ती घेतली तर 'आयर्न ड्यूक' सव्वासहा सेंटिमीटरची होते आणि जागा मिळते पाच सेंटिमीटर. जहाजं एकमेकांच्या शेपटीवर चढतात! म्हणून आम्ही १:६००० च्या मापाची, तीन सेंटिमीटरची जहाजं कापली. मोठ्या लढाईत जहाज दिसायला देखणं असण्यापेक्षा रांग खरी असणं महत्त्वाचं.

पण सोप्या नियमांत एक खड्डा आहे. सगळं सरासरीवर चालतं. चौकोन एकेक करून खोडले जातात, जहाज हळूहळू मरतं. जटलंडमध्ये तसं झालंच नाही. एकूण मोठ्या गोळ्यांपैकी शंभरातले जेमतेम तीन लागत होते, आणि बरीच जहाजं पुष्कळ गोळे खाऊनही घरी पोचली. पण 'इंडिफॅटिगेबल', 'क्वीन मेरी' आणि 'इन्व्हिन्सिबल' या तीन ब्रिटिश बॅटलक्रूझर क्षणात फुटल्या. 'इन्व्हिन्सिबल'वर हजाराहून जास्त माणसं होती, वाचली सहा. सरासरीचा खेळ हे कधीच दाखवणार नाही.

मग पुष्कळ जण काय करतात, तर 'ब्रिटिश बॅटलक्रूझर असेल तर फाशावर अमुक पडलं की स्फोट' असा खास नियम टाकतात. कोडमध्ये हार्डकोड केल्यासारखं. पण थांबा, स्फोट कशामुळे झाले? पातळ चिलखतामुळे, की दारूगोळ्याच्या हाताळणीमुळे? झटपट मारा करता यावा म्हणून ब्रिटिश जहाजांवर कोठारांची दारं उघडी ठेवायची आणि दारूच्या थैल्या वर आणून रचायची सवय लागली होती. जर्मनांना धडा आधीच मिळाला होता. २४ जानेवारी १९१५ ला डॉगर बँकच्या लढाईत 'झाय्डलिट्झ'चे मागचे दोन्ही तोफबुरूज आतून जळाले, दीडशेहून जास्त माणसं गेली, आणि मग त्यांनी खबरदारी वाढवली. जटलंडमध्ये ब्रिटिश 'लायन'चा एक बुरूज असाच पेटला, पण मरणाच्या दारात असलेल्या मेजर हार्वेने कोठारात पाणी सोडायचा हुकूम दिला आणि जहाज वाचलं. म्हणजे जहाजाच्या आराखड्याइतकाच माणसांच्या सवयीचाही हा प्रश्न होता. म्हणून आम्ही नियम उलटा केला. लढाईआधी प्रत्येक खेळाडूने चिठ्ठीवर लिहायचं: दारं उघडी की बंद? उघडी असतील तर माऱ्याला एक फासा जास्त, पण बुरुजावर गोळा लागला की स्फोटाची शक्यता. आता तो शाप राहिला नाही, निर्णय झाला. आमच्या दोन्ही सेनापतींनी काय लिहिलं असेल? दोघांनीही उघडी! डेडलाइन दिसली की टेस्टिंग वगळणारी आमची जमात, दुसरं काय लिहिणार.

आता मुख्य प्रश्न. या खेळात मी कोण? जेनच्या खेळात मी तोफचालक आहे, प्रॅटच्या खेळात तोफखान्याचा अधिकारी, बारीक नियमांत जहाजाचा कप्तान. पण अडीचशे जहाजांच्या लढाईत मला जेलिको व्हायचंय. आणि जेलिको काय करत होता? तो फासे टाकत नव्हता. तो वाट बघत होता.

सव्वासहाचा प्रसंग घ्या. त्याच्या २४ ड्रेडनॉट चार-चारच्या सहा रांगांत शेजारी-शेजारी चालल्या होत्या. लढायला त्यांची एक लांब रांग करायला हवी, आणि त्याला पंधरा-वीस मिनिटं लागतात. उजवीकडे उघडली तर शत्रूजवळ पटकन पोचू, पण वळतानाच गोळे आणि पाणतीर खाऊ. डावीकडे उघडली तर अंतर वाढेल, पण शत्रूच्या तोंडावर आडवी रांग मिळेल. ठरवायला एकच गोष्ट हवी: शत्रू नेमका कुठे आहे? आणि तेच कोणी सांगत नव्हतं. पुढे गेलेल्या बीटीला विचारलं, तर धड उत्तर नाही. दिसतंय काही मैल, धूर, धुकं, निशाणांचे संकेत. शेवटी आलेल्या तुटक निरोपांवरून जेलिकोने अंदाज बांधला आणि डावीकडे उघडायचा हुकूम दिला. काही मिनिटांत जर्मन रांगेचं तोंड थेट ब्रिटिश रांगेच्या मधोमध आलं. शेअरला (जर्मन सेनापती) आपण कशात घुसलोय हे कळायच्या आतच तोफा सुरू झाल्या होत्या.

हे फरशीवर कसं आणणार? बुद्धिबळात वजीर कुठे आहे हे दोघांनाही दिसतं. फरशीवरही सगळं दिसतं. ज्या खेळात सगळं दिसतं त्यात जेलिको कायम भित्राच ठरणार.

उत्तर मिळालं ते लिव्हरपूलमध्ये. १९४२ साली तिथे डर्बी हाउस या इमारतीत कॅप्टन गिल्बर्ट रॉबर्ट्सने पाणबुड्यांविरुद्ध डावपेच शिकवायला एक खेळ-शाळा काढली. काळ दुसऱ्या महायुद्धाचा, ड्रेडनॉटचा नव्हे, पण युक्ती कुठल्याही काळाला चालेल अशी. जमिनीवर चौकटी आखलेला समुद्र, नौदलातल्या तरुण मुली त्यावर जहाजं हलवायच्या, आणि भोवती कापडी पडदे. खेळणारे अधिकारी पडद्यामागे. त्यांना छोट्या फटीतून तेवढंच दिसायचं जेवढं खऱ्या समुद्रावर त्यांच्या जहाजावरून दिसलं असतं. आज्ञा चिठ्ठीवर लिहून द्यायच्या. अटलांटिकवर जाणारे अधिकारी इथून शिकून जात होते. आणि पंचांमार्फत खेळायची ही पद्धत तर १८२४ च्या प्रशियन युद्धखेळापासूनची.

आमच्याकडे पडदे नव्हते, पण शेजारची खोली होती. दोन्ही सेनापती दोन खोल्यांत. हॉलमध्ये फक्त पंच आणि त्याचा मदतनीस. सेनापतीला दर चालीला एक चिठ्ठी, त्याच्या जहाजावरून दिसेल तेवढीच माहिती. त्याचा हुकूम लागू होणार पुढच्या चालीत. बाकी सगळं 'जनरल क्वार्टर्स'च्या धर्तीवर, सहा मिनिटांची चाल.

आणखी एक नियम आम्हाला रात्रीच्या लढाईने शिकवला. अंधार पडल्यावर शेअर ब्रिटिश आरमाराच्या शेपटीमागून कापत हॉर्न्स रीफकडे, म्हणजे घराकडे निघाला. ब्रिटिशांच्या काही मोठ्या जहाजांवरून जर्मन जहाजं दिसली सुद्धा. पण जेलिकोला कोणी कळवलं नाही, सेनापतीला दिसतच असेल अशी समजूत. लंडनला तर जर्मनांचा हॉर्न्स रीफकडचा संदेश पकडलेला होता, तोही पुढे गेला नाही. अँड्र्यू गॉर्डन या इतिहासकाराने १९९६ मध्ये या लढाईवर पुस्तक लिहिलं, त्याचं नावच 'द रूल्स ऑफ द गेम'. वरून संकेत आल्याशिवाय स्वतःहून काही करायचं नाही, ही सवय त्या नौदलात पिढ्यांनी मुरवली होती असं त्याचं म्हणणं. रात्री दोन वाजता सर्व्हर पडलाय, अलर्ट दहा जणांना गेलाय आणि दहाही जण 'दुसऱ्याने कळवलं असेल' म्हणून झोपलेत, हे ज्याने बघितलंय त्याला वेगळं सांगायला नको. तर आमचा नियम: शत्रू दिसला की त्या जहाजासाठी फासा टाकायचा, 'कळवलं का?' एक किंवा दोन पडलं तर नाही कळवलं.

शेवटी, जिंकलं कोण हे कसं ठरवायचं? बुडालेल्या जहाजांचे गुण मोजले तर जटलंड जर्मनांचं. इथे मला आपली खांदेरी आठवते. १६७९ च्या पावसाळ्याअखेर महाराजांच्या हुकमाने मायनाक भंडारीने मुंबईच्या तोंडाशी त्या बेटावर बांधकाम सुरू केलं आणि इंग्रजांनी वेढा घालायला नौका पाठवल्या. १८ ऑक्टोबरला दौलतखानाच्या आरमाराने हल्ला केला. इंग्रजांची 'डव्ह' हाती लागली, पण 'रिव्हेंज' ही मोठी नौका उभी राहिली आणि तिने मराठी गलबतांना मागे रेटलं. त्या दिवसाचे गुण मोजले तर इंग्रज आपणच जिंकलो म्हणतील. पण आपली हलकी, वल्ह्यांची गलबतं रात्री उथळ पाण्यातून रसद पोचवत राहिली, मोठ्या जहाजांना ती अडवता येईनात. जानेवारी १६८० मध्ये इंग्रजांनी तह केला आणि खांदेरी आपल्याकडे राहिली. लढाई बेटासाठी होती, नौका बुडवण्यासाठी नव्हती. जटलंडचंही तेच. ब्रिटिशांचं काम जर्मनीची समुद्री कोंडी टिकवणं. २ जूनच्या संध्याकाळी जेलिकोने कळवलं की आरमार चार तासांच्या सूचनेवर पुन्हा निघायला तयार आहे. आणि ४ जुलैला शेअरने कैसरला लिहिलं की मोठ्या लढाईने इंग्लंड नमणार नाही, पाणबुड्याच हव्यात. कोंडी तशीच राहिली. म्हणून आम्ही गुण असे ठेवले: ब्रिटिशांची उद्या लढू शकणारी रांग जर्मनांपेक्षा स्पष्ट मोठी राहिली, तर ते हरले नाहीत.

तर आम्ही तो सात-वीसचा प्रसंग दोनदा खेळलो. आधी उघड्यावर, सगळे फरशीभोवती उभे. ब्रिटिश सेनापती म्हणजे आमचा गावचा मित्र. पाणतीर आले, त्याने क्षणभर फरशीकडे बघितलं आणि जहाजं सरळ शत्रूच्या अंगावर घातली. मी म्हटलं, जेलिको तर मागे वळला होता. तो म्हणाला, "अबे, सारं दिसून राह्यलं ना, मंग मांगं कायले सरू?" बरोबरच होतं त्याचं. पुढच्या जर्मन बोटी किती, मागे आणखी काही लपलंय का, जर्मन रांग पळतेय की वळून येतेय, सगळं समोर होतं.

दुसऱ्या दिवशी तोच प्रसंग, पण तो आतल्या खोलीत. चिठ्ठी गेली: "टॉर्पेडोबोटी दिसल्या, संख्या नक्की नाही, धूर. शत्रूच्या युद्धनौका दिसेनाशा." बराच वेळ आतून काही आवाज नाही. मग विचारणा आली, "मागं अजून हायेत का?" पंचाने सांगितलं, माहीत नाही. थोड्या वेळाने हुकमाची चिठ्ठी आली. सगळी रांग दूर वळवा.

मला यातून जेलिकोला दोषमुक्त करायचं नाहीये. वळणं ही एक गोष्ट, आणि वळल्यावर पुन्हा शत्रूला गाठायला किती जोर लावला ही दुसरी, त्यावर अजून भांडता येईल. शिवाय ते वळण त्याला ऐनवेळी सुचलेलं नव्हतं. २७ ऑक्टोबर १९१४ ला 'ऑडेशस' ही ड्रेडनॉट एका पाणसुरुंगाने बुडाली, आणि तीनच दिवसांनी जेलिकोने वरिष्ठांना लेखी कळवलं होतं की शत्रू वळून पळू लागला तर मी आंधळेपणाने पाठलाग करणार नाही, कारण मागे सुरुंग आणि पाणतीर असतील. वरिष्ठांनी ते मान्य केलं होतं. तो स्वतःच्याच डिझाइन डॉक्युमेंटप्रमाणे वागला. डॉक्युमेंट चूक होतं का, हा वाद घाला. पण ज्या फरशीवर त्याला सगळं दिसतंय तिच्यावर उभं राहून घालू नका.

तर मंडळी, तुम्हाला कधी अशी मोठी लढाई मांडायची हुक्की आली तर माझा सल्ला असा. चिलखत भेदण्याचे तक्ते सगळ्यात शेवटी बघा. आधी विचारा, या नियमांत मी कोण आहे. मग विचारा, एक चाल किती मिनिटांची आणि ती खेळायला किती वेळ लागतो. सहा मिनिटांची चाल अर्ध्या तासात संपत नसेल तर नियम चांगले असूनही तुमच्यासाठी नाहीत. क्वचित होणाऱ्या पण सगळं उलटवणाऱ्या घटनेला जागा आहे का ते बघा. जिंकणं कशावर मोजतात ते वाचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुमचा एक मित्र पंच व्हायला तयार आहे का? तयार असेल तर कुठलेही साधे नियम चालतील. त्याला भरपूर चहा आणि फराळ द्या, कारण त्या खोलीत सगळं दिसणारा तो एकटाच असतो आणि त्याला कोणाशी बोलता येत नाही.

पुढच्या दिवाळीला पानिपत करायचा विचार आहे. पंच मीच होणार. भाऊसाहेब व्हायला तिघंही तयार आहेत, फक्त आतल्या खोलीत बसायला कोणी तयार नाही.